हिरवी रेघ म्हणजे पुरावा नव्हे

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांचे टपालविमान कराचीहून जुहूला उतरले. आज जुहूच्या विमानतळावरचे गवत कोणीही मोबाइलवर, उपग्रहाच्या नजरेतून न्याहाळू शकतो. अशा चित्रात सरळ रेघ दिसली की ‘पुरातन अवशेष सापडले’ म्हणणारे हमखास भेटतात. तर्क अगदीच पोकळ नाही. बुजलेल्या खंदकात माती खोल असते, ओल टिकते, वरचे पीक उंच आणि हिरवे राहते. गाडलेल्या भिंतीवर ते खुरटते, लवकर पिवळे पडते. पण जुहू हे एकेकाळचे बेट. इथली रेघ बुजलेल्या खाडीची, गटाराची, नाहीतर जलवाहिनीचीही असू शकते.

मग आकाशातून पाहायचेच कशाला, असा आक्षेप येईल. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील न्यूग्रेंजजवळ ड्रोनमधून एका प्रागैतिहासिक वर्तुळाकार वास्तूची खूण पिकात उमटलेली दिसली, हे त्याचे उत्तर. मात्र चित्र फक्त कुठे शोधायचे ते सांगते. काय सापडले, हे नव्हे. वेगवेगळ्या ऋतूंतली छायाचित्रे आणि जुने नकाशे ताडून पाहावेत, जागेवर पायी फिरून खापरे शोधावीत, मगच बोलावे. घाईने केलेला दावा खोटा ठरला, की पुढच्या खऱ्या खुणेकडेही कोणी ढुंकून पाहत नाही.