भोळ्या भक्तीची परीक्षा

पूर्णा नदीवरचे सिद्धेश्वर धरण, औंढ्याचा नागनाथ आणि कयाधूकाठचे नरसी ही हिंगोली जिल्ह्यातली तीन ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. धरण कशासाठी, हे कोणीही सांगेल: वरच्या येलदरी धरणातून सुटलेले पाणी अडवायचे आणि कालव्यांनी शिवारात पोचवायचे. माणसाचा जन्म कशासाठी, याचे उत्तर मात्र मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत दहावीच्या निकालादिवशी ठरते. लातूर नाहीतर नांदेडचा क्लास, नीट, मग नोकरी, मग प्लॉट. पोराने चार पैसे मिळवावेत अशी इच्छा धरण्यात गैर काहीच नाही. अडचण एवढीच, की असे ध्येय गाठले की संपते आणि हुकले की माणसालाच संपवू पाहते. यशाने सरणार नाही आणि अपयशाने मोडणार नाही असे काही आयुष्याला हवे असेल, तर नरसीच्या नामदेवांनी जगून दाखवलेले देवावरचे साधे प्रेम आजही विचारात घेण्याजोगे आहे, असे माझे म्हणणे आहे.

नामदेवांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा मानतात. त्यांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांत मतभेद असले तरी नरसीचे नाव आज त्यांच्याच नावाने पुरे होते. बापाने सांगितले म्हणून नैवेद्य घेऊन राउळात गेलेला आणि देव जेवत नाही म्हणून हटून बसलेला पोर, ही त्यांची कथा घराघरांत ठाऊक आहे. पण भोळ्या भक्तीचे कौतुक करणारे तिथेच थांबतात. वारकरी परंपरा तिथे थांबत नाही. तिच्याच कथेत पुढे गोरा कुंभार संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोण भाजले आणि कोण कच्चे ते पाहतो. नामदेव चिडतात आणि कच्चे ठरतात. मग औंढ्यात त्यांना पुढे गुरू झालेले विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसतात. पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत, तर तिथेही पिंड! या कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाहीत, पण परंपरेची समज त्यांत नेमकी सापडते. देवाशी लाडीगोडी असलेला भक्तही ‘देव माझा’ या अहंकारात अडकू शकतो. तो अहंकार गळेपर्यंत प्रेम कच्चेच असते. औंढ्याच्या गाभाऱ्यात आजही अरुंद पायऱ्यांनी, वाकून, अंग चोरत खाली उतरावे लागते. नामदेवांना तिथे याहून खाली उतरावे लागले.

यानंतरचे नामदेव पाहिले की प्रयोजन म्हणजे काय ते कळते. ते पंढरीच्या महाद्वारात बसून राहिले नाहीत. कीर्तन घेऊन ते उत्तरेत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि पंजाबातल्या घुमानमध्ये त्यांचे स्थान आजही पूजले जाते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले ते याच नात्यामुळे. महाराष्ट्रातला एक शिंपी परक्या मुलखात, परक्या भाषेत आपलासा झाला, यामागे राज्य नव्हते, धन नव्हते, जातीची प्रतिष्ठाही नव्हती. ज्याच्यावर प्रेम केले तो सगळीकडे आहे, एवढी एकच गोष्ट सांगायची होती, आणि आयुष्य पुरेल एवढे काम तिने दिले.

‘हे संतांचे झाले, संसारी माणसाचे काय?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गंगाखेडच्या जनाबाईत आहे. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या या बाईने दळणकांडण सोडले नाही. विठ्ठलालाच जात्याशी बसवले. तिच्यामागे किती बायका तशाच बसल्या, याचा अंदाज हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांवरून येतो. त्या एक लाखाहून अधिक आहेत. पहाटे खुंटा धरायचा, मुठीमुठीने वैरण घालायची आणि पीठ पडता पडता पंढरीच्या वाटेचे बोलायचे. कष्ट यामुळे कमी झाले नाहीत. पण घरात जिला कोणी विचारत नव्हते, तिच्याजवळ बोलायला हक्काचे कोणी होते आणि ते नाते सासरच्या कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते.

सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. संतांनी देवापुढे सगळे सारखे असे सांगितले, पण जातिव्यवस्थेवर घाव घातला नाही, हे त्यांनी १९३६च्या सुमारास स्पष्ट लिहिले. हे खोटे ठरवण्यात अर्थ नाही. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या संत चोखामेळ्याला नामदेवांनी आपले मानले, तरी पंढरीचे दार चोख्याच्या जातभाईंना पुढची सहा शतके बंदच राहिले. ते उघडावे म्हणून मे १९४७मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. म्हणजे प्रेम हे कायद्याच्या आणि लढ्याच्या जागी चालत नाही. मात्र त्या उपोषणाला बसणारा माणूस याच भक्तीत वाढलेला होता, हेही तितकेच खरे. आणि खुद्द बाबासाहेबांनी १९४८ सालचा अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांना संतांनी समाज निष्क्रिय केल्यासारखे वाटले. न्यायमूर्ती रानड्यांना त्यांच्यातच मराठ्यांच्या उत्कर्षाचे बीज दिसले. दोघांनाही पुरावे सापडले, कारण भक्ती दोन्हीकडे नेऊ शकते. म्हणून तिची कसोटी लागते: प्रेमामुळे आपली माणसे वाढली की घटली? दर्शनाच्या रांगेत पैसे मोजून पुढे घुसणारी आणि परतताना दारातल्या माणसाची जात पाहणारी भक्ती या कसोटीला उतरत नाही. गोरोबांचे थापटणे तिच्याच डोक्यावर बसायला हवे.

देव न मानणारेही अर्थपूर्ण जगतात, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यांच्यावर भक्ती लादण्याचे कारण नाही. पण ज्याची श्रद्धा आहे आणि जो तरीही ‘माझ्या आयुष्याला ध्येय नाही’ म्हणून कुढतो, त्याने एक ध्यानात घ्यावे. त्याला नवे ध्येय शोधत हिंडण्याची गरज नाही. क्लासची फी, सोयाबीनचा भाव, नोकरीची खटपट हे सगळे करावेच लागेल आणि त्यात हारजीतही होईल. फक्त माणसाची किंमत त्या हारजितीवरून ठरवणे थांबवता येते. नापास झालेल्या पोराला जेवायला वाढताना आईबापांनी तेवढे जरी पाळले, तरी नामदेवांचा वारसा सांगण्याचा अधिकार या जिल्ह्याला उरेल.