फोन जप्त करून मूल सुरक्षित होत नाही

पालकसभा शाळेची असो की सोसायटीची, मुलांच्या इंटरनेटचा विषय निघाला की ठराव एकच होतो : दहावीपर्यंत मोबाईल द्यायचा नाही, आणि दिलाच तर भानगड दिसताक्षणी काढून घ्यायचा. यामागची काळजी खरी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःचा फोन नको, रात्री फोन आईवडिलांच्या खोलीत असावा, हे मलाही मान्य आहे. पण ‘भानगड दिसली की जप्ती’ हा नियम थेट गुन्हेगाराच्या पथ्यावर पडतो.

ऑनलाइन ब्लॅकमेलचे हे प्रकार घडतात कसे ते बघा. गेम खेळताना ओळख होते. समोरचा ‘मी पण नववीत’ म्हणतो. बोलणं इन्स्टाग्रामवर सरकतं, तिकडून एक अश्लील फोटो येतो, बदल्यात तसाच फोटो मागितला जातो. तो गेला की काही मिनिटांत मुलाच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो : मामेबहीण, क्लासचे सर, आई. खाली एक ओळ : ‘अर्ध्या तासात पाच हजार टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.’ मूल घरी तोंड उघडणार नाही, या एका खात्रीवर ही धमकी उभी असते. आणि ती खात्री गुन्हेगाराला आपण पुरवलेली असते. ‘आमचा तर मुलगा आहे’ म्हणून निर्धास्त असलेल्यांनी लक्षात घ्यावं, पैशांसाठीच्या या ब्लॅकमेलमध्ये किशोरवयीन मुलगेच मोठ्या प्रमाणावर सापडतात.

बंदीवाले हल्ली ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून प्रमुख सोशल मीडियावर १६ वर्षांखालच्यांना खातं ठेवता येत नाही, हे खरं. पण त्या कायद्यात दंड मुलाला नाही, पालकालाही नाही. तो कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला कंपन्यांना मनाई करण्याची तरतूद केली आहे. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. जबाबदारी कुणाची, हे दोन्ही कायदे स्पष्ट सांगतात. आपण मात्र घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला शिक्षा करून मोकळे होतो.

राहिलं पॅरेंटल कंट्रोल. लहान मुलांसाठी ते जरूर लावा. पण मित्राच्या फोनवर ते चालत नाही.

माझं म्हणणं असं की, मुलाला आधीच अभय द्या. संकट येण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत : ‘कितीही लाजिरवाणं असलं तरी येऊन सांग. फोन काढून घेणार नाही, ओरडणार नाही.’ याने मूल शेफारेल, हा आक्षेप मला पटत नाही. वेळेचे, अभ्यासाचे नियम राहतीलच. फक्त सांगण्याला शिक्षा नसेल.

आणि मूल सांगायला आलं की त्याच्यावर चिडण्यात वेळ घालवू नका. पैसे पाठवू नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, यूपीआय आयडी जपून ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि तो फोटो ‘बघा काय करून ठेवलंय’ म्हणून काकाला-मामाला फॉरवर्ड करू नका. आयटी कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे.

‘पण बदनामी होईल त्याचं काय?’ पोक्सो कायदा (२०१२) मुलगा-मुलगी असा भेद करत नाही आणि पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतो. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन’ची. तिथे फोटो कुणाला दाखवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक आकडा तयार होतो, सहभागी कंपन्यांकडे फक्त तो आकडा जातो आणि जुळणारा फोटो त्या हटवतात.

पुढच्या पालकसभेत बंदीचा ठराव मांडण्याआधी मुख्याध्यापकांनी दोन क्रमांक फळ्यावर लिहावेत, सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८, आणि ते प्रत्येक वर्गातही लावावेत.