गाडी पळते, कॅमेराही पळतो



सिनेमात मोटारींचा पाठलाग सुरू झाला की घरातले लहानथोर सगळे सावरून बसतात. दोन गाड्या धुरळा उडवीत सुसाट सुटलेल्या असतात, आणि आपणही जणू त्यांच्याबरोबर पळत असतो. अशा वेळी तुमच्या मनात कधी आले का, की गाड्या एवढ्या वेगात होत्या, तर त्यांचे चित्र घेणारा कॅमेरा कुठे होता? आज त्याचीच गोष्ट सांगतो.

बैलगाड्यांची शर्यत तुम्ही पाहिलीच असेल. कडेला उभे राहिले तर काय दिसते? धुळीचा लोट येतो, आणि मान वळवेपर्यंत बैल पुढे गेलेलेसुद्धा असतात. मोटारीचे तर त्याहून अवघड. ताशी ३०० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात ८३ मीटर मागे टाकते. कडेच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला ती येणार तरी किती?

पण बाजाराच्या वाटेवर दोन बैलगाड्या जोडीने, सारख्याच चालीने निघाल्या, तर शेजारच्या गाडीतला माणूस जागच्या जागी बसल्यासारखा दिसतो. त्याच्याशी निवांत गप्पा मारता येतात. मागे पळतात ती फक्त कडेची झाडे. सिनेमावाल्यांनी हेच हेरले आणि कॅमेरा पळत्या गाडीवरच बसवला. अशा गाडीला कॅमेरा-कार म्हणतात.

या गाड्यांमधली एक तर खऱ्याखुऱ्या शर्यतीत उतरली होती. फ्रान्समध्ये ल माँ येथे १९२३ पासून चोवीस तासांची मोटार शर्यत होत आली आहे. दिवस मावळो, पाऊस येवो, गाड्या धावतच असतात. ड्रायव्हर तेवढे पाळीपाळीने बदलतात. अमेरिकेचा नट स्टीव्ह मॅक्वीन याला या शर्यतीवर सिनेमा काढायचा होता. लुटुपुटीची शर्यत नको, खरीच दाखवायची, हा त्याचा हट्ट. गडी नुसता नट नव्हता. १९७० च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत, एका पायाला प्लास्टर असताना, त्याने पीटर रेव्हसनच्या जोडीने दुसरा क्रमांक पटकावला होता. पण ल माँला त्याने स्वतः उतरायला विमा कंपन्या तयार होईनात.

तेव्हा तो राहिला बाजूला आणि त्याची गाडी उतरली. सेब्रिंगला पळवलेल्या त्याच पोर्श ९०८ गाडीवर जड कॅमेरे बसवले आणि जून १९७० च्या शर्यतीत तिला इतर गाड्यांच्या बरोबरीने सोडले. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स हे तिचे ड्रायव्हर. त्या काळी कॅमेरा रिळावर चाले. सेकंदाला चोवीस चित्रे घ्यायची म्हटले, तर हजार फुटांचे रीळसुद्धा अकरा मिनिटांत संपते. पेरताना चाड्यातले बी संपले की पाभर थांबवावी लागते, तशी ही गाडी रीळ बदलण्यासाठी पुन्हा पुन्हा थांबे. त्या वर्षी पावसाने आणि मोडतोडीने इतकी दैना केली, की निकालात फक्त सात गाड्यांची नावे लागली. कॅमेऱ्याची गाडी शेवटपर्यंत टिकली, पण थांबण्यापायी अंतर कमी भरले म्हणून तिला क्रमांक मिळाला नाही. तिला त्याचे काय दुःख? तिचे पीक रिळात साठले होते. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ‘ल माँ’ हा सिनेमा पडद्यावर आला.

दर वेळी एवढे धाडस करतात असे मात्र नाही. नट गाडी चालवताना बोलत असतो, तेव्हा पुष्कळदा ती गाडी एका बुटक्या ट्रॉलीवर चढवलेली असते आणि पुढे दुसरीच गाडी तिला ओढत असते. नट नुसते स्टिअरिंग फिरवतो. दुसरी युक्ती म्हणजे कॅमेरा जमिनीलगत ठेवणे. आगगाडीच्या खिडकीतून जवळचे खांब सपासप मागे जातात, लांबचा डोंगर मात्र हलत नाही. तसेच कॅमेऱ्याच्या पुढ्यात जमीन जवळ असली की बेताचा वेगही भन्नाट भासतो.

राहिला प्रश्न हादऱ्यांचा. फिरता भोवरा तोल सोडत नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याच तत्त्वावरची यंत्रे कॅमेरा स्थिर ठेवायला वापरू लागले. युक्रेनमधल्या किव्ह शहरातले अनातोली कोकुश यांनी मोटारीच्या टपावर लांब हात बसवला आणि त्याच्या टोकाला असा न हलणारा कॅमेरा लावला. माणसे आत गाडीत बसून पडद्यावर चित्र बघत तो हात फिरवतात. या कामासाठी २००६ मध्ये त्यांना ऑस्कर देणाऱ्या संस्थेने तंत्रज्ञानाचा पुरस्कार दिला.

आता मुद्द्याचे बोलू. ‘ल माँ’च्या शूटिंगमध्ये डेव्हिड पायपर या कसलेल्या इंग्रज ड्रायव्हरच्या पोर्श ९१७ गाडीला भीषण अपघात झाला आणि त्याच्या एका पायाचा गुडघ्याखालचा भाग कापावा लागला. उभी हयात शर्यतीत घालवलेल्या माणसाची ही गत! म्हणूनच असल्या कामात आधी रस्ता बंद करतात. सावकाश चालवून तालीम घेतात. चालवणारा फक्त चालवतो, कॅमेरावाला फक्त कॅमेरा बघतो. एकाने दोन्ही करायचे नाही.

आणि आपली पोरे काय करतात? एक हात मोटारसायकलच्या मुठीवर आणि दुसऱ्या हातात मोबाईल. कोणी चालत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाकतो, कोणी ट्रॉलीच्या दांडीवर उभा राहून चित्र घेतो. खाली चाक आहे, मागे भरलेली ट्रॉली आहे, याचे भान उरत नाही. घडीभराच्या चित्रासाठी घरातला कर्ता मुलगा जायचा, आणि आईबापांनी जन्मभर तेच चित्र बघत बसायचे!

पोरांची हौस मोडा, असे मी म्हणत नाही. ट्रॅक्टर नवा आहे, मिरवावासा वाटणारच. त्यांना वरची युक्ती सांगा. मोबाईल वाटेपासून चांगला बाजूला, बांधाच्या कडेला दगडाच्या आधाराने जमिनीलगत ठेवा, सुरू करा, आणि सगळ्यांनी लांब उभे राहा. मग ट्रॅक्टर नेहमीच्या चालीने समोरून जाऊ द्या. चित्र असे येईल, की बघणारा म्हणेल, काय वेग आहे! वेग चित्रात दिसू दे, रस्त्यावर नको.

आज रात्री जेवायला सगळे एकत्र बसाल, तेव्हा एवढे घरातल्या पोरांच्या कानावर घालाच.