काकांची गाडी आणि काचेवरचा आकडा

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका भोकावरून भांडण झालं. भोक अजून पडलेलं नाही, म्हणून हा लेख लिहायला वेळ आहे.

वाङ्मय मंडळाच्या अंकात मोटारीचं काय काम, असं संपादिकेनं विचारलंच. काम आहे. ज्या घरात आजीच्या पाटल्यांपेक्षा गाडीला जास्त जपतात, त्या घरातल्या मुलानं दुसरं लिहायचं तरी काय?

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. बेंगळूरच्या सॅन मोटर्सनं १९९० च्या दशकाच्या शेवटी काढलेली, दोन सीटची, टप उघडणारी, फायबरच्या बॉडीची. इंजिन रेनोचं, बाराशे सीसीच्या आतलं, ताकद साठेक हॉर्सपॉवर. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, असं हसत विचारणाऱ्यांनी एकदा रविवारी सकाळी जांबोटीच्या पुढे काकांच्या शेजारी बसून बघावं. मग बोलूया.

काकांचं वय ५६. उद्यमबागेत त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळे हात स्थिर. पण चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. जवळचा चष्मा लावला तर रस्ता धूसर, काढला तर स्पीडोमीटरचा काटा धूसर. पावसाळ्याच्या तोंडावर चोर्ल्याकडे जाताना कणकुंबीच्या अलीकडे ते मान खाली घालून काटा शोधत होते आणि समोर म्हैस. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. काका दोन सेकंद तरी खाली बघत होते. म्हैस वाचली, आम्हीही वाचलो. घरी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आता छापूनच येतंय म्हटल्यावर काकूंनी माफ करावं.

त्यानंतर काकांनी ठरवलं, गाडीला हेड-अप डिस्प्ले बसवायचा. म्हणजे वेगाचा आकडा समोरच्या काचेतून रस्त्यावरच तरंगताना दिसणार, मान खाली घालायला नको. मूळ कल्पना लढाऊ विमानांतली. मोटारीत ती १९८८ मध्ये जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबिल कटलास सुप्रीममधून आणली, पुढे १९९९ पासून कॉर्व्हेटमध्येही मिळू लागली. मग आमच्या स्टॉर्मला का नको?

ऑनलाइन मागवलेली डबी दोन हजारांत आली. असल्या बऱ्याच डब्या गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून वेग घेतात. पण आपल्याकडे ओबीडीची सक्ती २०१० नंतर आली, ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून जीपीएसवर चालणारी घेतली. डबी डॅशबोर्डवर ठेवायची, ती उलटे आकडे दाखवते, काचेत ते सुलटे दिसतात. पहिल्या संध्याकाळी कॅम्पात फेरी मारून आलो तेव्हा काका लहान मुलासारखे खूश होते. "बघ की, विमान झालं आपलं!"

मला खटकलं ते दुसऱ्या दिवशी. मी बीएस्सीला आहे, फिजिक्सवाला, त्यामुळे टेप घेऊन बसलो. काकांच्या डोळ्यापासून स्पीडोमीटर ७२ सेंटिमीटर. डोळ्यापासून काच ७५, काचेपासून डबी १४. काच इथे साध्या सपाट आरशाचं काम करते, आणि सपाट आरशात वस्तू जेवढी पुढे तेवढीच प्रतिमा मागे. म्हणजे तो तरंगणारा आकडा डोळ्यापासून ८९ सेंटिमीटरवर. दोन हजार रुपयांत काटा १७ सेंटिमीटर लांब गेला, बस्स! मान वर राहिली हे खरं, पण चाळिशीच्या डोळ्याला रस्त्यावरून आकड्यावर आणि परत रस्त्यावर यायला जवळजवळ तेवढीच कसरत.

कंपनीनं बसवलेल्या डिस्प्लेत असं नसतं. आत अंतर्वक्र आरसा असतो, तो प्रतिमा दोन मीटर किंवा त्याहून लांब ढकलतो. विमानात तर ती थेट अनंतावर असते. काचही वेगळी: दोन थरांमधली फिल्म किंचित पाचरीसारखी, एका बाजूला जाड. साध्या काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून दोन प्रतिबिंबं येतात आणि ६० च्या मागे आणखी एक ६० भुतासारखा उभा राहतो. आमच्याकडे तो होताच. त्यावर उपाय म्हणून डबीबरोबर काचेवर चिकटवायची एक चकचकीत फिल्म आली होती. काचेवर फिल्म चिकटवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बजावलंय, म्हणून ती पाकिटातच राहिली. टप उघडला की उन्हात आकडा गायब, आणि घाटातल्या झाडीत जीपीएस मधेच चाचपडतं, ते वेगळंच.

हे सगळं काकांना सांगितलं, ही माझी चूक. ते म्हणाले, "मग आरसा बसवूया की! डॅशबोर्ड कापतो, खाली बॉक्स करतो." आणि खरंच जिगसॉ घेऊन आले.

इथून भांडण. रविवारच्या मंडळींतले काकांचे एक जुने मित्र म्हणाले, जुन्या गाडीत नवं काही घालणं म्हणजे देवळाला टाईल्स लावणं. टाळ्या मिळवणारं वाक्य आहे, पण मला पटत नाही. गाडी चालवायची असेल तर चालवणाऱ्याचे डोळे हा तिचाच एक भाग, आणि ते मूळ स्थितीत राहिलेले नाहीत. त्यांच्यासाठी बदल करावाच लागला तर करावा. ओरिजिनलच्या नावाखाली ५६ वर्षांच्या माणसाला घाटात आंधळेपणानं काटा शोधायला लावणं ही कसली श्रद्धा?

पण काकांचंही पटत नाही. हा डॅशबोर्ड कापला तर दुसरा कुठून आणणार? आरशाची वक्रता, कोन, अंतर यातलं काहीच ठरलेलं नसताना आधी भोक पाडायचं आणि मग विचार करायचा, हे लेथवर ते कुठल्या पोराला करू देतील का? माझं म्हणणं एवढंच: जे बसवायचं ते दोन स्क्रू काढून परत निघालं पाहिजे, आणि टेपनं मोजून सिद्ध झालं पाहिजे की प्रतिमा लांब गेली. नुसती काचेत चमकली म्हणून नव्हे.

सध्याचा तह असा. डबी काढली. स्पीडोमीटरचा वीस वर्षांहून जुना, मंदावलेला बल्ब बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना रस्ता आणि डॅशबोर्ड दोन्ही दिसेल असा चष्मा करून दिलाय. त्याची सवय व्हायला वेळ लागेल म्हणाले. तोवर रविवारी मी शेजारी बसून वेग मोठ्यानं वाचतो. "पन्नास... पंचावन्न... काका, साठ झाले."

"कळलं गा, मोटारीत बसलाईस की मास्तरच्या खुर्चीत?"

जिगसॉ माझ्या कॉटखाली आहे. दोन आठवड्यांसाठी लॅबमधला एक अंतर्वक्र आरसा मिळावा म्हणून डिपार्टमेंटला अर्ज दिलाय. कारणाच्या रकान्यात "प्रतिमेचे अंतर मोजणे" एवढंच लिहिलंय. सरांची सही बाकी आहे.