मोहिनीराज नावाची लाज कशाची?

मुलाचे नाव ठरविण्याचा अधिकार आईबापांचा आणि ते पाळण्यापाशी उच्चारण्याचा मान आत्याचा. तिऱ्हाइताने त्यात तोंड घालू नये, हा रिवाज मलाही ठाऊक आहे. तरी आज तो मोडायला मी उभा आहे. कारण ज्या नावाची बाजू मी घेणार त्याच्या तरफदारीला आता फारसे कोणी उरलेले नाही. ते नाव आहे मोहिनीराज.

पुण्यामुंबईच्या वाचकाला हे नाव एखाद्या जुन्या संगीत नाटकातले वाटेल. आम्हां बेलापूरकरांना तसे वाटत नाही. (बेलापूर म्हणजे नव्या मुंबईतले नव्हे बरे का! आमचे बेलापूर नगर जिल्ह्यातले, प्रवरेच्या काठचे. दौंड-मनमाड मार्गावर आमच्या गावाच्या नावाचे स्टेशन झाले तेही श्रीरामपुरात; तेव्हा नावाच्या बाबतीत अन्याय सोसण्याची आम्हांला सवय आहे. 2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण जिभेवरचे 'नगर' काही जात नाही.) नेवाशाचा मोहिनीराज ज्यांचे कुलदैवत, अशा घरांतून हे नाव आजोबाकडून नातवाकडे येत असे. आता ते आजोबांपाशीच थांबते. मोहिनीराज नावाचे म्हातारे मला भेटतात. मोहिनीराज नावाचे पोर पाटीपुस्तक घेऊन शाळेत चाललेले मात्र कित्येक वर्षांत दिसलेले नाही.

कारण विचारावे तर मंडळी प्रथम म्हणतात, 'नाव फार लांब आहे.' हा बहाणा. सिद्धिविनायक आणि ज्ञानेश्वर काय आखूड आहेत? मग म्हणतात, 'जुनाट वाटते.' हाही बहाणाच. कारण हीच मंडळी वेदांतली नावे हुडकून काढतात आणि ती तर आणखी जुनी. खरे कारण आमच्या आळीतल्या एका बारशाच्या वेळी बाहेर पडले. आजोबांनी हौसेने मोहिनीराज सुचविले तेव्हा मुलाचा बाप चटकन म्हणाला, "नको हो! पोरं 'मोहिनी, मोहिनी' म्हणून चिडवतील. बायकी नाव आहे." झाले! मोबाइलमधून एक दोन अक्षरी नाव निघाले. त्याचा अर्थ मी विचारला तर उत्तर मिळाले, 'वेगळं आहे.' वेगळेपणच हवे होते तर पणजोबांच्या नावाइतके वेगळे दुसरे कोणते सापडणार होते?

तर तक्रार बायकीपणाची आहे. तिला उत्तर देण्याआधी ज्याचे हे नाव त्या देवाची कथा आठवून पाहा. समुद्रमंथनातून अमृत निघाले, दैत्यांनी ते पळविले आणि विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन ते परत मिळविले. देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूला सूर्यचंद्रांनी ओळखले आणि त्याचे शिर उडाले. पुराणांतली ही गोष्ट आमच्या मुलखाने आपल्या मातीत रोवून टाकली आहे. अमृताची ती पंगत नेवाशाला बसली, शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते गोदावरीपलीकडचे कायगाव, असे आमच्याकडे सांगतात. नदीचेही तसेच. प्रवरा निघते रतनगडाच्या पायथ्याशी. तिथल्या शिवालयाचे नाव अमृतेश्वर. तिला म्हणतात अमृतवाहिनी. अकोले, संगमनेर, आमचे बेलापूर करीत ती नेवाशाला मोहिनीराजापाशी येते आणि थोड्याच अंतरावर गोदावरीत मिळते. तिच्या उगमापासून संगमापर्यंत हे एकच आख्यान पसरले आहे. इतिहासाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती टिकेल की नाही तो वाद पंडितांनी घालावा. माझे म्हणणे एवढेच, की ज्या नावाला अख्खी नदी अर्थ पुरविते त्याला निरर्थक म्हणता येणार नाही.

ज्ञानेश्वरी नेवाशालाच सांगितली गेली, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेवांनी त्या क्षेत्राच्या महालया या दैवताचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला आहे, आणि महालया म्हणजेच मोहिनीराज असे मानण्याची परंपरा आहे. सध्याचे देऊळ अठराव्या शतकातले, होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेले. ज्यांचे नाव आता जिल्ह्याला मिळाले त्या अहिल्याबाईंशी या दिवाणजींचे मुळीच पटत नसे. बाईच्या हाती दौलत असावी हे त्यांना रुचले नव्हते. पण देऊळ बांधले ते स्त्रीरूप घेतलेल्या देवाचे! दैवाची ही मौज मला फार आवडते.

या नावाचे वैरी जसे आहेत तसे घातकी कैवारीही आहेत, आणि मला वैऱ्यांपेक्षा कैवाऱ्यांचा राग अधिक येतो. हे भाविक लोक समजूत घालतात, 'अहो, मोहिनीराज म्हणजे मोहिनीचा राजा, तिचा स्वामी. लक्ष्मीकांत म्हणतो तसेच हे. यात बायकी काही नाही.' वा रे व्याकरण! लक्ष्मीकांतात लक्ष्मी वेगळी आणि तिचा कांत वेगळा. म्हाळसाकांतातही तसेच. मोहिनीराजात दोन माणसे आहेत कुठे? मोहिनी हा विष्णू स्वतःच. विठुराया म्हणजे काय विठूचा राजा? दत्तराज म्हणजे दत्ताचा मालक? तिथला 'राज' निव्वळ आदराचा, तसाच इथलाही. षष्ठी तत्पुरुष सोडा आणि कर्मधारय करा, म्हणजे अर्थ सरळ लागतो: मोहिनी हाच राजा. देवाने आपल्या खुशीने जे रूप घेतले ते भक्तांनी समासाच्या आडून पुसून टाकावे, हा कुठला भक्तिभाव?

बाहेरही पाहा. गोव्यात म्हार्दोळला म्हालसा नारायणी आहे. ती मोहिनीचेच रूप. देवी खरी, पण तिच्या गळ्यात जानवे असते. पोर्तुगीजांच्या जुलमात, सोळाव्या शतकात, भक्तांनी तिला वेर्ण्याहून हलविले. म्हणजे तिच्यासाठी त्यांनी घरदार धोक्यात घातले. आंध्रात गोदावरीच्या मुखाकडे रियाली नावाचे गाव आहे. तिथल्या जगन्मोहिनी केशवस्वामीची एकच शिळा पुढून विष्णू आणि मागून मोहिनी आहे. या गोदावरीच्या वरच्या अंगाला आमचा मोहिनीराज आणि पार समुद्राजवळ तो केशव! दोन्हीकडच्या लोकांना त्यात ओशाळण्यासारखे काही दिसले नाही.

आणि आपले वाडवडील तरी असे कुठे हळवे होते? मुले जगत नसली की नवसाच्या मुलाचे नाक टोचीत, त्यात नथ घालीत आणि नाव ठेवीत नथू. दृष्ट लावणाऱ्याला पोरगी वाटावी एवढ्यासाठी! तो नथू पुढे मिशा राखून कुस्त्याही खेळे. वारीच्या वाटेवर तर धिप्पाड मिशाळ पाटील दुसऱ्या मिशाळ पाटलाला 'माउली' म्हणून हाक घालतो आणि पाया पडतो. ज्ञानेश्वरीचा कर्ता कोवळा तरुण, त्यालाही आपण आईच म्हणतो. माउली चालते आणि मोहिनी चालत नाही, हे कसे?

त्याचे उत्तर गोड नाही. दिवाळी आहे म्हणून ते टाळणे मला जमणार नाही. आई झालेली बाई आम्हांला वंद्य. नुसती बाई मात्र कमीपणाची. याच आमच्या महाराष्ट्रात मुलीला 'नकुशा' म्हणून हाक मारीत होते. 2011 साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशांची नावे समारंभ करून बदलावी लागली. मुलीने बापाचा धंदा सांभाळला तर 'मुलासारखी निघाली' ही शाबासकी, मुलगा रडला तर 'काय बायकांसारखा रडतोस' ही दटावणी. दोन्ही वाक्ये एकाच ओसरीवर, एकाच तोंडून निघतात. शाळेतली पोरे 'मोहिनी' म्हणून चिडवतील ही भीती खोटी नाही, चिडवतीलच. पण मुलीचे नाव ही शिवी आहे हे त्यांना शिकविले कोणी? त्या ओसरीनेच ना? शिकविणारे तुम्ही आणि शिक्षा मात्र नावाला!

ज्यांना आधीच हे नाव मिळाले आहे, त्यांच्यातही पळवाटा आहेत. कोणी नुसता 'राज' होतो, कोणी 'मोहन'. कोणी राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलून घेतो, तर कोणी दाखल्यावर 'हि'ची वेलांटी हळूच गाळून मोहनीराज होतो. खेड्यातल्या जिभेवर मोहनीराज हे रूप आपोआप येते, त्याला माझी हरकत नाही. 'मोहनी' हीदेखील मोहिनीच आहे. मुद्दाम मोहन दिसावा म्हणून वेलांटी चोरणाऱ्याशी मात्र माझे भांडण आहे. यंदा माघात नेवाशाच्या यात्रेला जाल तेव्हा नवस फेडताना पावतीवर आपले नाव नीट लिहून घ्या: मो, मग ह्रस्व हि, मग दीर्घ नी. आणि घरात पाळणा हलायचा असेल तर आत्याबाईंच्या कानात तेच सांगून ठेवा.