संकटकाळीं श्रद्धेचा उपयोग काय?

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत सकाळीं गर्दी होऊं लागते. एरवीं शेवटच्या बाकावर बसून घंटेची वाट पाहणारे विद्यार्थीही तेव्हां डोळे घट्ट मिटून हात जोडतात. त्यांस हंसण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. भय वाटलें असतां देवाकडे धांव घेणें मनुष्यास स्वाभाविकच आहे. आणि परीक्षेहून मोठीं भयेंही आमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. घरांतील दीर्घ आजार, वडिलांची सुटलेली नोकरी, 2020 सालच्या महासाथींत उंबरठ्याशीं येऊन उभा राहिलेला मृत्यु, हीं कांहीं लहान संकटें नव्हेत. परंतु अशा वेळीं ख्रिस्ती श्रद्धेपासून कशाची अपेक्षा करावी, याविषयीं वडील मंडळींतही मोठा गैरसमज आढळतो. म्हणून दोन शब्द लिहीत आहों.

गैरसमज असा कीं, ज्याची श्रद्धा खरी, त्यास चिंता शिवतच नाहीं. आणि ज्यास चिंता वाटते, त्याची श्रद्धा तितकी कच्ची. रात्रीं झोंप येत नाहीं असें सांगणाऱ्या मुलास "तुझा विश्वासच कमी आहे" असें म्हटलें म्हणजे काय होतें? चिंता तर जात नाहींच. उलट तिच्यावर अपराधाचें ओझें मात्र बसतें, आणि पुढें तें मूल घरांत बोलेनासें होतें.

हें मत पवित्र शास्त्रालाही धरून नाहीं. स्तोत्रसंहितेंत 150 स्तोत्रें आहेत. त्यांत स्तुतीच्या जोडीला विलापही पुष्कळ आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र तर अंधारांतच संपतें. खुद्द प्रभु येशु गेथशेमाने बागेंत अतिशय कष्टी झाला. दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्यानें प्रार्थना केली, आणि आपल्यासंगतीं जागें राहण्याविषयीं शिष्यांस विनविलें. व्याकूळ होणें हें जर अविश्वासाचें लक्षण असतें, तर या प्रसंगाचा अर्थ आम्हीं काय लावावा?

मग श्रद्धेचा उपयोग तो काय? याचें उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत सांपडतें. त्या लहान असतां दुष्काळाच्या हालांत त्यांचे वडील, आई व थोरली बहीण मरण पावलीं. 1880 सालीं भाऊ गेला. 1882 सालीं पति पटकीनें वारले, आणि पदरीं तान्ही मुलगी राहिली. 1883 सालीं त्यांनीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. त्यापुढें संकटें थांबलीं काय? नाहीं. स्वकीयांचा रोष सोसावा लागला, आणि 1921 सालीं मुलगी मनोरमा त्यांच्या आधीं निवर्तली.

तथापि 1896-97 च्या दुष्काळांत हीच बाई मध्यप्रांतांत गेली, आणि तेथील शेंकडों निराधार मुलींस व विधवांस तिनें केडगांवीं आश्रय दिला. भूक म्हणजे काय, हें रमाबाईंस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. श्रद्धेनें त्यांचें जुनें दुःख पुसून टाकलें नाहीं. त्या दुःखास तिनें काम नेमून दिलें. आयुष्याच्या अखेरीसही, मुलीच्या वियोगानंतर, त्यांनीं बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम सोडलें नाहीं. 1922 सालीं त्या देवाघरीं गेल्या.

कोणी म्हणेल, रमाबाई थोर. शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मुलानें त्यांपासून काय घ्यावें? आमच्या मतें तीन गोष्टी घ्याव्या. प्रार्थनेंत आपलें भय जसें आहे तसें देवापुढें मांडावें. तेथें शौर्याचें सोंग नको. नंतर उठून आजचा धडा आजच करावा, कारण प्रार्थना ही अभ्यासाच्या ऐवजीं करावयाची गोष्ट नव्हे. आणि आपल्याच बाकावरील एखादा सोबती अधिक घाबरलेला असेल, तर घटकाभर त्याचेजवळ बसावें. दुसऱ्याचें गणित समजावून देतांना स्वतःची धडधड कमी होते, हा अनुभव ज्यानें त्यानें घेऊन पाहावा. इतकेंही करून मन थाऱ्यावर येत नसेल, तर शिक्षकांस वा डॉक्टरांस सांगण्यांत कमीपणा मानूं नये. ताप आला असतां औषध घेणें हा अविश्वास नव्हे, तसाच हाही नव्हे.

आतां पालकांस एक विनंति. त्या रात्रीं बागेंत शिष्य झोंपीं गेले. ते दुष्ट नव्हते, दमलेले होते. आपणही दिवसभराच्या कामानें दमतां, हें आम्ही जाणतों. तरी मूल "मला भीति वाटते" असें म्हणेल, तेव्हां उपदेशाची घाई करूं नका. दिवा थोडा वेळ तसाच राहूं द्या, आणि त्याचेजवळ बसून ऐका. ज्या घरांत मुलाचें म्हणणें कोणी जागून ऐकतें, त्या घरांत देव ऐकतो असें त्यास निराळें शिकवावें लागत नाहीं.