हयातीच्या दाखल्याचा महिना

नोव्हेंबर उजाडला की गावोगावच्या बँकांत निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ सुरू होते. अंगात स्वेटर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक, कुणाला काठीचा तर कुणाला नातवाचा आधार. आपण अजून आहोत हे सरकारला पटवून ही मंडळी घरी परततात. २०१४ पासून हा हयातीचा दाखला संगणकावरूनही देता येतो. ज्यांच्या बोटांच्या रेषा कष्टाने झिजल्या त्यांच्यासाठी पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. माणूस हयात आहे का, याची इतकी निगुतीने विचारपूस होते; त्याचा पैसा त्याच्याच हुकमात आहे का, हे विचारायला मात्र कुठलाच महिना नेमलेला नाही.

ते विचारणे आपल्याकडे येते. लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो, पाडव्याला नवे खाते मांडतो. त्या वह्यांत घरातल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब कितीदा असतो? आजीच्या एटीएम कार्डाचा पिन पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला असतो आणि ते अक्षर आजीचे नसते. सुरुवात सोयीतूनच होते. गुडघे दुखतात, बँक लांब, म्हणून कार्ड मुलाकडे जाते. मग एखाद्या महिन्याला दुचाकीचा हप्ता त्यातून भागतो, पुढच्या महिन्याला सांगायचे राहून जाते, आणि वर्ष सरता सरता तिला स्वतःच्याच पेन्शनीतून औषधापुरते पैसे मागून घ्यावे लागतात. याला चोरी म्हणायला आपली जीभ रेटत नाही, म्हणूनच ती इतकी निर्धास्त चालते. परक्या भामट्याने ‘डिजिटल अटके’ची भीती घालून लुबाडले तर आपण १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतवाहिनीवर तक्रार करतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करतो, घरच्याच हाताने नेले की चार लोकांत शोभा नको म्हणून उंबऱ्याआतच मिटवतो.

घराच्या बाबतीत तर घाई अधिक. महाराष्ट्रात राहते घर मुलांच्या वा नातवंडांच्या नावे बक्षीसपत्राने करायचे तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये (नोंदणीचा खर्च निराळा). मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येते. बक्षीसपत्रावर सही झाली की घर हातचे गेले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा इथे थोडा आधार देतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट मोडली, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला असेच घर दिले होते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द करून ताबाही तिला परत देवविला. मात्र अट होती हेच दाखवता आले नाही तर हे कलम मदतीला येत नाही, असेही त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे.

पोटच्या मुलाकडून अट कशी लिहून घ्यायची, असा संकोच आपल्या वडीलधाऱ्यांना वाटतो. पण जो खरोखर सांभाळणार आहे, त्याला त्या एका ओळीचा जाच कसला? खरे तर ती ओळ मुलानेच आग्रहाने घालायला लावावी. आईवडिलांवर ती मागण्याची वेळ आणणे हेच मुळात आपल्याला शोभत नाही.

दाखल्यासाठी वडिलांना घेऊन जाऊच, तर त्याच फेरीत पासबुक भरून घ्यावे, पिन बदलून त्यांच्यापाशीच ठेवावा. चालवत नसेल तर सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ मध्येच सांगितले आहे. ज्यांची घरात दाद लागत नसेल त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे, प्रांताकडचे न्यायाधिकरण आहे. पण त्याआधी, घरी आल्यावर, चष्मा शोधून देऊन वर्षभराच्या नोंदी त्यांच्यासमोर एकेक करून वाचाव्यात, आणि “हे कुणी काढले?” असे त्यांनी विचारले तर, रक्कम आपण काढलेली असली तरी, खरे उत्तर द्यावे.